सोडलेल्या पिल्लांचा रकाना

१४ जून

ती. मामांना नमस्कार.

तुम्ही निवृत्त होऊन साडेपाच महिने झाले आणि मी आज लिहिते आहे, तेही काम निघालं म्हणून. याची लाज वाटते. ती आधीच लिहून टाकली, म्हणजे पुढचं सरळ लिहिता येईल. फोन करणार होते, पण फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता, हा जुना अनुभव.

ॲनिमल हाऊस जागेवर आहे. तुमच्या जागी आलेले गृहस्थ कोपरापर्यंत हातमोजे घालतात आणि दिवसाला चार वाक्यं बोलतात. घाईबाईचा प्रबंध लिहून झाला. तुम्ही ठेवलेलं हे नाव इतकं चिकटलंय, की परवा सरांनी पाहुण्यांसमोर तिची तशीच ओळख करून दिली. तिची तोंडी परीक्षा तीस सप्टेंबरला आहे.

अडचण अशी. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहिते, कारण लिहिताना कधीकधी माझी चूक मलाच सापडते. ताण आला की अंगात एक हॉर्मोन वाढतं. मेंदूत त्याचे रिसेप्टर असतात. ते भरले की मेंदू खाली निरोप धाडतो, 'पुरे आता'. आपल्या काळ्या उंदरांत हे रिसेप्टर जन्मतःच निम्मे. म्हणजे 'पुरे' म्हणणारे निम्मे. अशा उंदरांना काही दिवस त्रास दिला की पाण्याच्या चाचणीत ते लवकर हात टेकतात, पोहायचं सोडून तरंगत राहतात. माणसाच्या नैराश्याचा अभ्यास करायला म्हणूनच ते वापरतात. फक्त आपल्याकडचे तसे नव्हते. निम्म्या रिसेप्टरवरही ते सहा मिनिटांपैकी साडेचार मिनिटं पोहायचे. त्यावरून आपण म्हटलं, या वाणात राखण करणारं दुसरं एखादं जनुक असणार. घाईबाईचा प्रबंध त्यावर उभा आहे. माझा आणि सरांचा लेखही.

आता, आपण ज्या प्रयोगशाळेला सहा जोड्या पाठवल्या होत्या तिथून पत्र आलंय, की त्यांच्याकडे जन्मलेली पिल्लं मोठी होऊन सरळ तरंगतात. आम्ही हसलो. मग मार्चपासूनचे आमचेच आकडे काढले. आमचेही तरंगतात. जेमतेम दोन मिनिटं पोहतात.

घाईबाईचं म्हणणं, नवा भुसा वाईट आहे. तुमचा रोजचा क्रम मला सकाळपासून लिहून पाठवाल? दिवा, भुसा, पाणी, काय काय ते. तुमच्यावर कुणाचा संशय नाही. हे वाक्य लिहिलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटतंय, पण खोडलं तर जास्तच डोळ्यांत येईल.

तुमची,
बाई


२६ जून

चि. बाई,

वयाने चिरंजीव, हुद्द्याने मॅडम आणि बावीस वर्षं तोंडात बसलेलं बाई. यातलं कुठलं लिहावं यात दोन दिवस गेले. शेवटी दोन घातले, तिसरं समजून घ्या.

क्रम असा. सातला दिवा, संध्याकाळी सातला बंद. भुसा दोनदा चाळायचा, नाहीतर धूळ नाकात जाते, त्यांच्याही आणि आपल्याही. पाण्याच्या बाटल्या एक दिवसाआड, नळी बोटाने दाबून बघायची. वास नसलेला साबण. सर एकदा अत्तर लावून आले होते आणि मी त्यांना दारातूनच परत धाडलं होतं, आठवतं? महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला काही त्रास झाला नाही. रेडिओ हळू, दिवसभर. नव्या गृहस्थांना सांगा, हातमोजे कोपरापर्यंत चढवले तरी उंदराला माणूस कळतो. घाबरट हात असला की ते आधी घाबरतात.

एवढंच. दुसरं काही नाही.

इकडे मे महिन्यात मुलीला मुलगा झाला. वजन चांगलं, आवाज त्याहून चांगला. जावई सकाळी आठला कामावर जातो तो सातला येतो. घरात मुलगी, मी आणि हे नवे साहेब. बाळबाळंतीण ठीक.

एक विचारायचं होतं, घाई नाही. आपल्याकडच्या काही आया पिल्लांकडे पाठ करून पिंजऱ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसायच्या. त्या तशा का बसायच्या, हे तुम्हाला कधी कळलं का?

मामा


९ जुलै

ती. मामा,

भुसा दोनदा चाळला. साबण बदलला. घाईबाईने रेडिओ आणून लावला. उंदरांनी बातम्या ऐकल्या आणि पूर्वीइतक्याच लवकर तरंगले. "मामांच्या वेळी बातम्या बऱ्या असतील," असं ती म्हणाली.

तुमचा प्रश्न मी कामाचा म्हणून घेतला आणि दोन दिवस वाचन केलं. त्या आयांतल्या बऱ्याच स्वतः निम्म्या रिसेप्टरच्या असतात. ताण एकदा चढला की त्यांचा उतरत नाही. काहींची पहिली वेळ असते, काहींना आवाजाचा त्रास होतो. आपल्या फॉर्मवर त्यांच्यासाठी शब्द आहे 'मातृत्व : निकृष्ट'. फॉर्म मीच केला होता. तेव्हा तो मला नेमका वाटला होता. आज वाचून अवघडल्यासारखं झालं. आजारी प्राण्याला आपण शेरा दिला.

आणखी एक गोष्ट वाचली. पहिल्या आठवड्यात आईने जी पिल्लं जास्त चाटली, जास्त जवळ घेतली, त्यांच्या मेंदूच्या एका भागात हे रिसेप्टर जास्त तयार होतात. मोठ्या जातीच्या उंदरांत हे पूर्वीच दाखवून झालंय आणि मला ते परीक्षेपासून पाठ आहे. पाठ असलेल्या गोष्टीचा आपण विचार करत नाही.

हे लिहून पेन ठेवला आणि जन्माचं रजिस्टर काढलं. त्यात 'सोडलेली पिल्लं' असा रकाना आहे. आईने टाकलेली वेत नोंदवायची आणि पिल्लं संपवायची, हा आपला नियम. नव्या गृहस्थांच्या काळात चौतीस वेतांपैकी अकरा त्या रकान्यात आहेत. हा वाण तुमच्याकडे होता त्या पाच वर्षांत दोनशे चार वेत आणि रकान्यात सगळीकडे शून्य.

आधी मला कौतुक वाटलं. तुमचा हात लागला की आयाही शहाण्या होतात, असं मी घाईबाईला म्हणालेसुद्धा. मग संध्याकाळी परत ती पानं उलटली. मामा, तुमचं अक्षर इतकं देखणं की शून्यही बघत राहावं. पण दोनशे चार वेळा?

बाई


२ ऑगस्ट

ती. मामा,

तीन आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. पत्र गहाळ झालं असेल असं स्वतःला सांगून पाहिलं, पटलं नाही.

लेख स्वीकारला गेला. छापण्याआधीची शेवटची सही मला वीस ऑगस्टपर्यंत करायची आहे. मार्चनंतरचे आकडे त्यात नाहीत. सर म्हणतात ती वेगळी तुकडी, वेगळा माणूस, तिचा वेगळा विचार करू. यात खोटं काही नाही. मला यात खोटं काय ते नीट सांगता येत नाही, म्हणून जास्त त्रास होतो आहे. मी सही केली नाही तर घाईबाईचं चौथं प्रकरण कोसळतं आणि तिची परीक्षा जाते. तिने परीक्षेसाठी बूट घेऊन ठेवलेत.

तुम्ही ज्याला 'बाईंचं दुसरं रजिस्टर' म्हणायचात, ती माझी रोजनिशी काल चाळली. साडेपाच वर्षांपूर्वीची नोंद अशी आहे : 'पिल्लं कमी पडतात. मामांना म्हटलं, काहीही करा, पण या महिन्यात चाळीस हातात द्या. मामा बरं म्हणाले. फार चांगला माणूस.'

हे शेवटचं वाक्य वाचून मला कसंतरी झालं.

तेव्हा विचारते ते तक्रार म्हणून नाही. टाकलेल्या पिल्लांचं तुम्ही काय करत होता? दोन ओळी पुरतील.

बाई


११ ऑगस्ट

चि. बाई,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली होती. गहाळ काही झालं नाही. मी गहाळ झालो होतो.

दोन ओळींत मावणार नाही. टाकलेली पिल्लं मी दुसऱ्या आईकडे लावायचो. पहिल्यांदा केलं ते तुम्ही चाळीस मागितलीत त्याच महिन्यात. सहा पिल्लं होती, गुलाबी, पोटात दुधाचा पांढरा ठिपका नाही, गार पडत चाललेली. आई कोपऱ्यात. शेजारच्या मांडणीवर त्याच रात्री व्यालेली एक जाडी, शांत आई होती, तिच्यात नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी सहाही पोटांत ठिपका. मग मला संपवणं जमेना. पहिले दहा दिवस कुणी घरटं उघडायचं नाही हा नियम तुमचाच, त्यामुळे बघणारं कुणी नव्हतं. आपली कुठली, परकी कुठली ते कळावं म्हणून शेपटीवर शाईचा ठिपका द्यायचो, दर तिसऱ्या दिवशी नवा. एकविसाव्या दिवशी मूळ पिंजऱ्याच्या कार्डावर परत. तुम्ही शेपटीचा तुकडा घेऊन जनुक तपासायचा, ते बरोबरच यायचं. मला वाटायचं, पिल्लू तेच, रक्त तेच, दूध कुणाचं का असेना. तुमच्या आकड्यांना त्याने काय होणार? हे मी मनापासून लिहितोय. निम्मे की पूर्ण ते तुम्ही ठरवणार, मी फक्त जगवत होतो.

जेव्हा जेव्हा केलं तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला गोल केला आहे. त्रेसष्ट गोल आहेत. काल मोजले. कॅलेंडरं घरी आणली होती.

तुमच्या मधल्या पत्रात चाटण्याबद्दल वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. म्हणून लिहिलं नाही.

आता माझं ऐका. हे पत्र कुणाला दाखवू नका. घाईबाईचं वर्ष घालवू नका. मी तिला पहिल्या दिवशी उंदीर धरायला शिकवलंय, ती घाबरून माझ्या खिशात हात घालत होती. तुम्ही सही करा. मी विचारल्याशिवाय बोलणारा माणूस नाही आणि मला आता कोण विचारतंय?

आणखी एक. 'बाळबाळंतीण ठीक' असं मी लिहिलं होतं. बाळ ठीक आहे. मुलगी तीन महिने भिंतीकडे तोंड करून असते. दूध पाजते, म्हणजे मी बाळ लावून देतो. बघत नाही त्याच्याकडे. रडतही नाही. मी दारात उभा राहतो. इथे मांडणीवर दुसरी आई नाही. जावई म्हणतो थकली आहे. शेजारीण म्हणते लाडावली आहे. मी तुमच्या फॉर्मवरचा तो शब्द माहीत असलेला माणूस, माझ्या डोक्यात तो आला. बाप असून आला. तुम्ही लिहिलंत की त्या आजारी असतात. ते नक्की आहे का?

मामा


१४ ऑगस्ट

ती. मामा,

पत्र आत्ता मिळालं, टपाल निघण्याआधी उत्तर टाकते.

तिला उद्याच मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या. बाळंतपणानंतर हा आजार होतो, पुष्कळ जणींना होतो आणि औषधाने, बोलण्याने बरा होतो. ती थकलेली नाही, लाडावलेली नाही आणि वाईट तर नाहीच. अंगावर पाजते आहे हे डॉक्टरांना सांगा, चालतील अशी औषधं असतात. तिला सरळ विचारा, जगू नये असं वाटतं का. विचारल्याने तसं वाटायला लागत नाही. हो म्हणाली तर उद्याचीही वाट बघू नका, आजच न्या आणि तिला एकटं ठेवू नका. जावयांना सुट्टी काढायला लावा.

उंदरांवरून तिच्याबद्दल काही ठरवू नका. उंदराला सहा मिनिटं पाण्यात सोडून मी जे मोजते, ते आणि तुमची मुलगी यांत इतकं अंतर आहे की... हे वाक्य पूर्ण करता येत नाही, कारण ते अंतर थोडं आहे असं सांगूनच मी अठरा वर्षं नोकरी केली. पण तिला डॉक्टर लागणार, हे मला उंदरांशिवायही माहीत आहे.

बाकीचं नंतर.

बाई


२४ ऑगस्ट

ती. मामा,

डॉक्टरांकडे गेलात का, ते कळवा. त्याआधी मला काही सांगायचं आहे आणि ते तुम्हाला आवडणार नाही.

'बाकीचं नंतर' असं मी लिहिलं, त्याचं कारण तुमची मुलगी होती, आणि दुसरंही एक होतं. तुमचं पत्र मी खणात ठेवलं आणि चार दिवस कुणाला काही बोलले नाही. त्या चार दिवसांत मी फार व्यवस्थित काम केलं. शांत झोपले. सही करायचं मी ठरवलं नव्हतं, पण न करायचंही ठरवलं नव्हतं. आणि जेवण जात होतं, हे मला नंतर सगळ्यात लागलं. अठरा तारखेला सकाळी लेखाचं शेवटचं पान उघडून 'राखण करणारं जनुक' हे शब्द वाचले आणि त्या जागी मला शाईचे ठिपके दिसायला लागले. मग सरांच्या खोलीत गेले.

सरांनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाले, "निवृत्त माणसाच्या आठवणीवर छापायला निघालेला लेख मागे घ्यायचा?"

"आठवण नाही सर, कॅलेंडरं आहेत."

"मला निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. तेवढी शांतपणे जाऊ द्यायचीत." मग म्हणाले, "पत्र तू लिही. मी सही करतो. मला लिहिताना राग येईल."

घाईबाईला सांगणं जास्त कठीण होतं. ती खुर्चीत बसलीच नाही. म्हणाली, "म्हणजे माझे उंदीर मामांनी उसनं दूध पाजून वाढवले."

मी हो म्हटलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"चार दिवस झाले."

"चार दिवस? बाई, मी चार दिवस आभारांचं पान लिहीत होते! मामा पहिल्याच ओळीत आहेत त्यात."

"आता काढणार?"

"काढू कशाला? आता तर ते जास्तच खरं झालंय." आणि मग तिला रडू आलं. मी पाणी आणायला गेले, तर येईपर्यंत ती निघून गेली होती. दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि दार ढकलून म्हणाली, "एक वर्ष. जास्त नाही. मला वर्षभराचं काम सांगा."

लेख मागे घेतला आहे. परीक्षा पुढे गेली. तुमचं पत्र मी सरांना आणि तिला दाखवलं, उंदरांबद्दलचा भाग फक्त. तुम्ही नको म्हणाला होतात. मला कॅलेंडरं लागतील, आणि तुम्ही काय केलं ते लिहून, खाली सही करून.

बाई


२ सप्टेंबर

मॅडम यांस नमस्कार.

कॅलेंडरं वेगळ्या पार्सलने पाठवली आहेत. दोन वर्षांची स्वयंपाकघराच्या खणांत अंथरली होती, त्यावर डाग आहेत, पण गोल दिसतात. सही केलेला कागद सोबत आहे.

पत्र दाखवू नका म्हटलं होतं, दाखवलंत. बावीस वर्षांत माझ्याविरुद्ध कुणी कागद केला नव्हता. आता तो मी स्वतःच्या अक्षरात केला.

मुलीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गोळ्या चालू आहेत. दर आठवड्याला जायचं असतं.

आपला,
ॲनिमल हाऊसचे निवृत्त कर्मचारी


९ ऑक्टोबर

ती. मामा,

तुम्हाला राग आला, तो योग्य आहे. तो जावा म्हणून मी हे लिहीत नाही. एक कागद तुम्ही पाहायला हवा, म्हणून लिहिते.

सोबत संस्थेला दिलेल्या निवेदनाची प्रत आहे. तुमचा कागद त्याला जोडला आहे, पण पहिलं वाक्य माझं आहे. ते असं : 'मुख्य संशोधक या नात्याने मी पिल्लांच्या संख्येसाठी "काहीही करा" असं सांगितलं आणि त्यानंतर पाच वर्षं नोंदी तपासल्या नाहीत.' सर म्हणाले एवढं लिहायची गरज नाही. रजिस्टरच्या प्रत्येक पानाखाली माझी सही आहे, मामा. शून्य तुम्ही लिहिलंत, पण दोनशे चार वेळा मी ते बघून सही केली. मला हवं होतं तेच तिथे लिहिलेलं होतं, म्हणून मला ते दिसलं नाही. निवेदनानंतर मला दोन वर्षं नवीन विद्यार्थी घेता येणार नाहीत. ते ठीकच आहे.

तुमची कॅलेंडरं घाईबाईने जमिनीवर पसरून तारीख न् तारीख जुळवली. त्रेसष्ट वेत दुसऱ्या आईकडे वाढली, उरलेली एकशे एकेचाळीस स्वतःच्या चांगल्या आईकडे. पाठ करून बसलेल्या आईकडे वाढलेलं एकही पिल्लू आमच्या पाण्यात कधी उतरलंच नव्हतं. आपण फक्त बऱ्या घरातली पोरं मोजली आणि श्रेय जनुकाला दिलं. त्या दुसऱ्या प्रयोगशाळेत आणि इथे मार्चनंतर अर्धवट सांभाळलेली, पण जगलेली पिल्लंही चाचणीला आली असणार. निम्मे रिसेप्टर असले तरी पहिले काही दिवस चांगले गेले तर भागतं, असं असू शकेल. असू शकेल, एवढंच. या वेळी मी घाई करणार नाही.

तेव्हा आता तेच जाणूनबुजून करायचं ठरलं आहे. प्राण्यांच्या समितीची परवानगी मिळाली. एकाच दिवशी जन्मलेली पिल्लं, अर्धी आपल्या आईकडे, अर्धी बदलून. घाईबाईने दोनदा करून पाहिलं. पहिल्या आईने परकी पिल्लं घरट्याबाहेर ढकलून दिली. दुसरीने चावली. चार गेली. त्यानंतर ती पिंजरे धूत बसली.

तुम्ही त्रेसष्ट वेळा केलंत. कसं करत होता? आणि हे काम झालं तर लेखावर तुमचं नाव घालायचं आहे. आभारात नाही, लेखकांत. नको म्हणालात तर या वेळी तुमचं ऐकेन.

बाई


२३ ऑक्टोबर

चि. बाई,

निवेदन दोनदा वाचलं. मग मुलीला वाचायला दिलं. ती म्हणाली, "बाबा, इतकी वर्षं मला वाटायचं तुम्ही पिंजरे धुता." मी म्हटलं, ते पण धुतो. नाव घाला.

आता घाईबाईसाठी. तिला हे मोठ्याने वाचून दाखवा, नाहीतर ती मधल्या ओळी गाळेल.

आधी आईला उचलून दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवायचं, तिच्या घरट्यातला मूठभर भुसा बरोबर द्यायचा, म्हणजे ती गांगरत नाही. मग हात नुसत्या पाण्याने धुवायचे आणि तिच्याच वापरलेल्या भुशात चोळायचे. जिथे तिने घाण केली आहे तिथला भुसा घ्यायचा. घाईबाई नाक मुरडेल. मुरडू दे. हातमोज्यांवर जोर असेल तर मोजे चोळा, पण चोळा. परकी पिल्लं त्या भुशात लोळवायची, एकेक, तळहातावर. घरट्यात ती तळाशी ठेवायची आणि तिची स्वतःची वर, म्हणजे आई आली की पहिलं नाक तिच्या स्वतःच्या पिल्लाला लागतं. पाव तास तशीच राहू द्यायची. एकमेकांना चिकटून त्यांचा वास एक होतो. मग आईला आत सोडायचं, पण घरट्याजवळ नाही, लांबच्या कोपऱ्यात. तिला चालत येऊ द्या. उचलून पिल्लांवर ठेवलीत तर ती चावणारच, कुणीही चावेल.

आणि मग झाकण लावून तिथून निघून जायचं. तासभर. घाईबाईचं चुकतंय ते इथे, मी पैजेवर सांगतो. ती काचेला नाक लावून उभी असेल. कुणी बघत असलं की आई पिल्लांचं काही करत नाही. मी पहिल्या वर्षी अशी दोन वेत घालवली, ती कॅलेंडरवर नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटातला पांढरा ठिपका बघायचा, त्याआधी नाही.

मी तिकडे येऊन दाखवलं असतं, पण आत्ता इथून निघता येत नाही. मुलीच्या गोळ्यांना नऊ आठवडे झाले. पहिले तीन आठवडे काहीच दिसलं नाही आणि मी रोज डॉक्टरीणबाईंना तेच विचारत होतो. चौथ्या आठवड्यात ती खिडकी उघडा म्हणाली. सहाव्यात माझ्यावर ओरडली, वरण खारट झालं म्हणून. जावयाने मला बाजूला घेऊन विचारलं, हे चांगलं का? मी म्हटलं, फारच चांगलं.

मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही दिवसभर कुठे असता?" मी म्हटलं, दारात. बाळाला काही लागलं तर हवं ना कुणी. त्या म्हणाल्या, "आता रोज तासभर बाहेर फिरून या. जावई घरात असतील तेव्हा, त्यांनी दुसऱ्या खोलीत बसायचं." मला ते पटलं नाही. तरी गेलो. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत परत आलो. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या बाकावर घड्याळ बघत बसलो, पण तास पुरा केला.

काल परत आलो तेव्हा बाळ न्हालेलं होतं. मी न्हाऊ घातलं नव्हतं, जावई म्हणाला त्यानेही नाही. पाणी सगळीकडे सांडलेलं, टॉवेल ओला, मुलगी बाह्या वर करून पलंगावर बसलेली. माझ्याकडे बघून म्हणाली, "फार वळवळतो." मी बाळाला घेतलं. डाव्या कानामागे साबण तसाच राहिला होता, चांगला बोटभर. मी पुसला नाही.

मामा